उतारवयातील नवे गाणे

हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्या ग्वाल्हेरीस गाणाऱ्या भावांची जोडी अपरिचित नाही. आज ज्या दोन भावांविषयी मी लिहीत आहे, ते मात्र दूरचे, अमेरिकेतील लॉस एंजेलिसचे. आणि त्यांचे संगीतही आपल्याहून निराळे, तिकडील तरुणांच्या नाचगाण्यातले. रॉन व रसेल मेल हे ते बंधू. ‘स्पार्क्स’ हे त्यांच्या जोडीचे नाव. थोरले की-बोर्ड वाजवितात, धाकटे गातात.

१९७४ साली ‘किमोनो माय हाउस’ या ध्वनिमुद्रिकेने इंग्लंडात त्यांचे नाव झाले. पुढे कधी मान मिळाला, कधी उपेक्षा. १९८८ नंतर १९९४ पर्यंत त्यांची एकही नवी ध्वनिमुद्रिका निघाली नाही. योजिलेला चित्रपटही तडीस गेला नाही. २००८ साली लंडनमध्ये २१ रात्रींत त्यांनी आपल्या २१ ध्वनिमुद्रिका समग्र सादर केल्या. एवढ्या उजळणीनंतर कोणीही विसावला असता. पण शेवटची रात्र त्यांनी नव्या कोऱ्या रचनांसाठी राखून ठेवली होती!

मे २०२३ मध्ये ‘द गर्ल इज क्राइंग इन हर लाटे’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा थोरले ७७ वर्षांचे होते, धाकटे ७४ वर्षांचे. तिच्यातील १४ गाण्यांत गतवैभवाचे उसासे नाहीत. एका गाण्यात अवघ्या २२ तासांचे अर्भक जगाला विटून आईच्या पोटी परत जाऊ पाहते. दुसऱ्यात मोनालिसा सामान बांधून निघते. शीर्षकगीतात कॉफीचा पेला पुढे घेऊन रडणारी एक मुलगी आहे. यंत्राचे ठोके कठोर, पण नजर मायेची. दोनच वर्षांनी, २०२५ साली, ‘मॅड!’ ही पुढची ध्वनिमुद्रिकाही आली. तरुणांची नक्कल नाही, स्वतःचीही नाही. वयाने दिलेला निर्भयपणा तेवढा आहे.

आपल्याकडे गवयाने सत्तरी गाठली की शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि मग चाळीस वर्षांपूर्वीच्याच चिजेची फर्माईश. जुनी चीज गाण्यात उणेपणा मुळीच नाही. ती रोज नव्याने गावी लागते, हेच मी शिष्यांना शिकवितो. परंतु त्या वृद्ध कलावंताने गेल्या वर्षी काय बांधले, हे कोणी विचारीत नाही. माझे वडील दरबारी गवई. उतारवयात त्यांनी बांधलेल्या चिजा आमच्या घरी वहीत आहेत. सत्काराच्या एकाही सभेत त्यांतली एखादी ऐकावी, असे कोणी म्हटल्याचे मला स्मरत नाही.

कलावंत मनाने म्हातारा होतो, त्यात श्रोत्यांचाही हात असतो. मेल बंधूंना नवे ऐकणारे कान लाभले, म्हणून त्यांचे नवे टिकले. आपल्या संगीतसभांच्या चालकांना माझी एवढीच विनंती आहे: पुढच्या सत्कारात भाषणे अर्ध्यावर आणा आणि उरलेला वेळ त्या ज्येष्ठाच्या नव्या रचनेस द्या. ती कदाचित रंगणार नाही. तरीही ऐका.