झगमगाटाचा दर काय?



आरे-वारेला आमच्या गटाची बैठक एका घराच्या पडवीत भरते. शिवण कमी, गप्पाच फार. परवा कुणीतरी मोबाईलवर ३० मार्च २०२३ चा तो फॅशन शो लावला, पॅरिसच्या दिओर कंपनीने गेटवे ऑफ इंडियासमोर भरवलेला. भरतकामाचं भलंथोरलं तोरण, आणि रेशीम, जर, आरसेकाम ल्यालेल्या मुली. दोघींनी लगेच नाकं मुरडली, "श्रीमंतांचे चोचले!"

मला तसं म्हणवेना. देखणं ते देखणंच. नटण्यामुरडण्याला नावं ठेवण्यात चळवळीतल्या आम्ही बायकांनी पूर्वी बरीच शक्ती घालवली. शिवाय त्या कपड्यांची तेव्हाची डिझायनर मारिया ग्राझिया किउरी, दिओरमध्ये त्या पदावर बसलेली पहिलीच बाई. २०१६ च्या तिच्या पहिल्याच शोमध्ये तिने चिमामांडा अदिची या नायजेरियन लेखिकेच्या निबंधाचं नाव टी-शर्टवर छापलं होतं : आपण सगळ्यांनी स्त्रीवादी व्हायला हवं. त्या टी-शर्टची किंमत मात्र सातशे डॉलरच्या वर!

गेटवेच्या कपड्यांवरचं भरतकाम मुंबईच्या 'चाणक्य'मधलं. आरीकाम, जरदोजी ही मुंबईत पुरुष कारागिरांची कामं. 'चाणक्य'ने शाळा काढून बायकांना ती शिकवायला घेतली, हे मी मनापासून चांगलं मानते. गंमत बघा, बाईने घरी सुई धरली तर तो रिकामपणाचा उद्योग, पुरुषाने बाजारात धरली की कारागिरी.

माझं अडतं ते पुढे. कपड्यावर नाव पॅरिसचं, आणि टाका घालणाऱ्याचा दर कुठेच नाही. २०१६ मध्ये काही बड्या परदेशी कंपन्यांनी मुंबईतल्या भरतकाम कारखान्यांच्या सुरक्षिततेसाठी 'उत्थान' नावाचा करार केला. आज दिओर ज्याची आहे तो एलव्हीएमएच समूहही त्यात होता. पण करार ऐच्छिक, कायद्याचं बंधन नाही. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने लिहिलं, की पोटकंत्राटाच्या कारखान्यांतले कारागीर अजूनही कोंदट, धोक्याच्या खोल्यांत बसतात. घरी बसून काम करणाऱ्यांची गत तर विचारूच नका. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा ठराव १९९६ पासून आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

आमच्यातली एक मुलगी रत्नागिरीच्या दुकानासाठी नगावर फॉल-बिडिंग करते. साडी दुकानात चारपट दराने जाते, तिच्या हातात चहा-वड्याचे पैसे. व्हिडिओ संपल्यावर ती म्हणाली, "ताई, मला हे शिकायचंय. मुंबईला जाते."

तिच्या आईने शिवणातून मान वर केली नाही. "दिवसाला किती गावतील?" एवढंच विचारलं.

शाळेचा पत्ता मी शोधून दिला आहे. दराची चौकशी करायला पुढच्या महिन्यात आम्ही दोघी-तिघी तिच्याबरोबर जाणार आहोत.