इन्व्हर्टरचीही नाडी तपासा

मानवतसारख्या तालुक्याच्या गावात लाईट जाणे नवे नाही. म्हणूनच दवाखान्याच्या छतावर सौर पॅनेल बसले की आम्हा डॉक्टरांना हायसे वाटते. पॅनेल, बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून वीजपुरवठ्याचे एक छोटे जाळे, म्हणजे मायक्रोग्रिड तयार होते. बाहेरची वीज गेली तरी प्रसूतिगृहातला दिवा आणि २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागणाऱ्या लसींचा फ्रीज चालू राहतो.

पण आजचा इन्व्हर्टर हा एक संगणकच आहे. डीसी विजेची एसी करणे, व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची वारंवारता सांभाळणे हे त्याचे काम. अनेक इन्व्हर्टर इंटरनेटलाही जोडलेले असतात. त्या वाटेने कोणी आत शिरला तर इन्व्हर्टर बंद पाडू शकतो, आणि वर पडद्यावर सारे ठीक असल्याचे आकडेही दाखवू शकतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट व्हायरसने इराणच्या अणुकेंद्रात हेच केले होते. यंत्रे बिघडत होती आणि कर्मचाऱ्यांना नोंदी नेहमीच्याच दिसत होत्या.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी, ऐन कोविडमध्ये, मुंबईची वीज गेली. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता व्यक्त केली; केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक असल्याचे सांगितले. खरे कोणाचे, हा वाद बाजूला ठेवू. साडेचार महिन्यांनंतरही निदानावर एकमत होत नसेल, तर उपचार कशावर करायचे?

मॉनिटरवर ऑक्सिजन ९८ आणि रुग्णाचे ओठ निळे, असे असेल तर आम्ही रुग्णाकडे पाहतो, मॉनिटरकडे नाही. इन्व्हर्टरलाही हाच नियम लावावा. तो सांगतो ते आकडे स्वतंत्र मीटरशी ताडून पाहावेत. ऊन तेवढेच, भार तेवढाच आणि आकडे जुळत नसतील, तर संशय घ्यावा. सेटिंग कोणी, केव्हा बदलले याची नोंद वेगळ्या जागी राहावी.

सरकारी रुग्णालयांच्या सौर संचाच्या निविदेतच स्वतंत्र मीटर, कंपनीचा मूळ पासवर्ड बदलण्याची सक्ती आणि जबाबदार व्यक्तीचे नाव असायला हवे. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो. पण तो लक्षात येण्याचीच सोय नसेल, तर ते ६ तास सुरू तरी कधी होणार?