चर्चेचे यंत्र कोणाच्या मालकीचे?

२२ फेब्रुवारी २०२४ रोजी गूगलने आपल्या ‘ग्रुप्स’ या सेवेतून युजनेटवर नवा मजकूर पाठविण्याची आणि तेथून तो घेण्याची सोय बंद केली. एवढ्याने युजनेट संपले असे मात्र नव्हे. ते बंद करण्याचा अधिकार गूगलला नव्हता. तो कोणालाच नाही. या एका वैशिष्ट्यासाठी तरी समाजवादी कार्यकर्त्यांनी ही जुनी व्यवस्था समजून घ्यावयास हवी.

१९७९ च्या अखेरीस अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांना तिची कल्पना सुचली आणि शेजारच्या चॅपेल हिल येथील विद्यापीठात स्टीव्ह बेलोव्हिन यांनी तिचा पहिला प्रोग्राम लिहिला. संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या आर्पानेटमध्ये ज्यांना शिरकाव नव्हता, त्यांनी साध्या टेलिफोनवरून संगणक जोडले. विषयवार चर्चेच्या गटांना ‘न्यूजग्रुप’ हे नाव पडले. प्रत्येक संदेशाला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. एक सर्व्हर शेजाऱ्याला विचारतो, हा क्रमांक तुमच्याकडे आला आहे काय? नसेल तर प्रत देतो आणि तो शेजारी ती पुढच्याला देतो. मध्यवर्ती कचेरी नाही, मूळ प्रत नाही. एक सर्व्हर बुडाला तरी चर्चा इतरत्र शिल्लक राहते.

तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाताना भाबडेपणा नको. १९८० च्या दशकात दूरच्या टेलिफोनचा खर्च मोजक्या मोठ्या संस्था सोसत असत. साहजिकच कोणता गट वाहून न्यावयाचा, हे त्यांचे व्यवस्थापक ठरवू लागले. १९८७ मध्ये गटांची सरसकट नवी नावे ठरली, तीही याच मंडळींच्या पुढाकाराने. ज्यांना हे रुचले नाही त्यांनी त्याच वर्षी ‘आल्ट’ ही निराळी शाखा काढली आणि ती आपल्या जोडण्यांवरून वाहिली. सत्ता बिल भरणाऱ्याकडे जाते हे तेथेही खरे ठरले. फरक एवढाच की, बाहेर पडणाऱ्याला आपले बिल भरून उभे राहता आले.

आज ते उभे राहणे पुष्कळ स्वस्त झाले आहे. १९७८ मध्ये शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी पहिला संगणकीय बुलेटिन बोर्ड सुरू केला, तेव्हा एका वेळी एकालाच फोन लावता येई. आता असा बोर्ड चालविणाऱ्यास सिंक्रोनेट हे मोफत सॉफ्टवेअर मिळते आणि न्यूजग्रुपचा सर्व्हर त्यातच असतो. केवळ मजकुराचे गट घेतले तर जुना संगणकही पुरतो. खरे काम पुढे आहे. मजकूर पुरविण्यास राजी असा शेजारी सर्व्हर शोधावा लागतो. कोणते गट घ्यावयाचे, किती दिवस ठेवावयाचे, कोणाला लिहू द्यावयाचे, हे ठरवावे लागते. दार सताड उघडे ठेवले तर काय होते, ते एप्रिल १९९४ मध्ये दिसले: अमेरिकेतील दोन वकिलांनी ग्रीन कार्डाची आपली जाहिरात हजारो गटांत ओतली.

ही झाडलोट करणारे हात कमी झाले आणि व्यवस्था ओसरत गेली. तिच्यावर कोणी बंदी घातली नव्हती. खुद्द ड्यूक विद्यापीठाने वापर घटला व खर्च वाढला म्हणून मे २०१० मध्ये आपला सर्व्हर बंद केला. जुन्या चर्चांचा मोठा संग्रह तर २००१ मध्येच गूगलने विकत घेतला होता. परदेशी गेलेल्या मराठी माणसांनी ‘सोक.कल्चर.इंडियन.मराठी’ या गटात रोमन अक्षरांत जे लिहिले, ते वाचण्यासाठीही आज बहुधा याच कंपनीच्या कोठाराचे दार ठोठवावे लागते.

संघटनेच्या तालुका बैठकीचे निरोप आणि त्यावरील वादही आता कंपन्यांच्याच यंत्रांवरून फिरतात. युनिकोडमुळे देवनागरी मजकूर न्यूजग्रुपवरूनही जसाच्या तसा जाऊ शकतो. दोन-तीन जिल्हा कार्यालयांनी आणि एखाद्या महाविद्यालयाने एकमेकांना मजकूर पुरविण्याचे मनावर घेतले, तर यंत्राची अडचण येणार नाही. विजेचे बिल कोणी भरावयाचे, आणि विरोधी मताचा मजकूरही तितकेच दिवस ठेवावयाचा की नाही, हे मात्र सर्व्हर सुरू करण्यापूर्वीच बैठकीत ठरवून इतिवृत्तात नोंदवावे लागेल.