झोपेत कमावणारे कोण?

मागच्या महिन्यात रविवारची वंदना संपल्यावर विहारातल्या एका तरुणाने मला बाजूला घेतलं. बी.ए. झालेला, दोन वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी, आई चार घरची धुणीभांडी करते. त्याने मोबाईलवरची जाहिरात दाखवली. 'आर्टिकल लिहा, झोपेतही कमवा.' कोर्सची फी ४,९९९ रुपये. "दादा, भरू का?" मी नको म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "तुम्हीच सांगता लिहायला शिका. मग लिहून दोन पैसे मिळत असतील तर बिघडलं कुठे?"

हा प्रश्न मला झोंबला, कारण त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे एक न लिहिलेला नियम आहे, की चळवळीचं लेखन फुकट. जयंतीच्या मंडपवाल्याला पैसे, बॅनरवाल्याला पैसे, डीजेवाल्याला तर आगाऊ पैसे. स्मरणिकेत लेख लिहिणाऱ्याला मात्र एक शाल, तीही मिळाली तर. आणि त्याने मानधन विचारलं की लगेच, "हा समाजाचा धंदा करतोय."

मित्रांनो, लिहिणं फुकट कधीच नव्हतं. १९२० साली 'मूकनायक' निघालं त्यामागे शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. 'केसरी'ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. १९२७ साली सुरू झालेलं 'बहिष्कृत भारत' बाबासाहेबांनी जवळपास एकहाती लिहिलं. त्यासाठी वाचकांकडे मदत मागितली, आणि तरीही १९२९ साली ते बंद पडलं. त्या काळात बाबासाहेब वकिली करत होते, बाटलीबॉय यांच्या संस्थेत कायदा शिकवत होते. पत्राने त्यांचं घर चालवलं नाही. त्यांच्या इतर कष्टांनी पत्र चालवलं. म्हणून लेखणीतून पैसा येत असेल तर मला त्यात पाप दिसत नाही. माझा आक्षेप 'झोपेत' या शब्दाला आहे.

बसल्या जागी उत्पन्न ही कल्पना या देशाला नवी नाही. कोकणातला खोत आयुष्यभर तेच करत होता. राबायचं कुळाने आणि धान्य खोताच्या कोठारात. ती पद्धत मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. आपल्या आज्या-पणज्यांनाही एक 'कायमचं उत्पन्न' होतं, महारवतन. वरून पाहिलं तर हक्काची जमीन आणि बलुतं. आतून पाहिलं तर रात्री-अपरात्री कुणीही हाक मारावी आणि पळत जावं, असा दावा. १९२८ साली बाबासाहेब त्या वतनाविरुद्ध विधेयक घेऊन उभे राहिले तेव्हा आपल्यातल्याच अनेकांना ते हातातली भाकरी काढून घेतायत असं वाटलं होतं.

तेव्हा कुणी झोपेत कमावतो असं म्हणाला की मी आधी विचारतो, जागं कोण आहे? त्या कोर्सवाल्याच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. त्याचं उत्पन्न लेखांतून येत नाही, तुमच्या ४,९९९ मधून येतं.

आता प्रत्यक्ष काय होतं ते अनुभवावरून सांगतो. ब्लॉगर फुकट आहे, स्वतःचं डोमेन वर्षाला हजाराच्या आसपास. गुगलच्या अ‍ॅडसेन्सने जाहिराती लावल्या तर जाहिरातदाराच्या पैशातला साधारण ६८ टक्के वाटा लिहिणाऱ्याला येतो. पण शंभर डॉलर जमल्याशिवाय एक रुपयाही हातात पडत नाही. दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो. आमच्या वस्तीत घरांना धड नंबर नाहीत, त्यामुळे माझं पत्र दोनदा कुठे गेलं ते पोस्टालाच माहीत. मला पहिले शंभर डॉलर व्हायला एकोणीस महिने लागले. मराठी मजकुरावर जाहिरातीचा दरही इंग्रजीच्या मानाने फारच कमी. हजार वाचनांमागे माझ्या हाती तीस-चाळीस रुपये आले.

आणि जाहिराती कसल्या, तर पुणे करारावरच्या लेखाखाली 'तुमची कुंडली मोफत पाहा'! आठवडाभर मला पत्ता नव्हता. एका वाचकाने स्क्रीनशॉट पाठवून 'जय भीम, गुरुजी' असं लिहिलं तेव्हा कळलं. अ‍ॅडसेन्सच्या सेटिंगमध्ये ज्योतिषाचा वर्ग बंद करता येतो. तो आधी बंद करा, मग लेख टाका.

पुणे करारावरचा तो लेख मी दोन महिने खपून लिहिला. तो वाचला मोजक्यांनी. जात पडताळणीला कोणती कागदपत्रं लागतात, यावर एका संध्याकाळी लिहिलेला लेख आजही दर जून-जुलैत हजारो जण उघडतात. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आता मला त्यात राग येण्यासारखं काही दिसत नाही. पोरांना प्रवेशाच्या तारखेआधी वैधता प्रमाणपत्र हवं असतं, आणि ते कसं काढायचं हे नीट मराठीत सांगणारं कुणी नसतं. पडताळणीच्या लेखाने डोमेनची फी भरली आणि त्याच डोमेनवर पुणे करार उभा आहे. मात्र तो लेखही झोपेत चालत नाही. शासन निर्णय बदलला, अर्जाची वेबसाइट बदलली, की मला बसून दुरुस्ती करावी लागते. जुनी माहिती तशीच ठेवून जाहिरातीचे पैसे घेणं म्हणजे एखाद्या पोराचं वर्ष बुडवणं.

सोप्या वाटाही सुचतात. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा कॉपीराइट २०१७ च्या सुरुवातीला संपला, म्हणून काही जण शासनाने छापलेल्या खंडांमधली पानंच्या पानं उतरवतात. काही जण एआयकडून दिवसाला वीस लेख पाडून घेतात. पहिलं दर वेळी बेकायदा नसेलही, पण तीच पानं शंभर ठिकाणी पडलेली असताना तुमच्याकडे कोण येणार? आणि दुसऱ्याला गुगलने २०२४ मध्ये स्पष्टच स्पॅमच्या नियमात बसवलं आहे. खातं एकदा बंद झालं की दाद मागायला समोर माणूस सापडत नाही. नवं वतन म्हणायचं तर ते हेच. प्रत्येक लेखाची प्रत स्वतःजवळ ठेवा आणि घरखर्चाचा हिशेब या पैशावर मांडू नका.

मग लिहायचंच कशाला, असं कुणी विचारेल. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीने २०१९ मध्ये पाहणी केली, तेव्हा माध्यमांतल्या नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर सवर्ण होते, अनुसूचित जाती-जमातीचं एकही नव्हतं. त्या दारातून आत जायला ओळख लागते. इथे निदान दार तरी नाही.

त्या तरुणाने फी भरली नाही. बौद्ध म्हणून जातीचा दाखला काढताना त्याला तहसीलला तीन खेपा घालाव्या लागल्या होत्या. राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यावरच त्याने पहिला लेख लिहिला. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रात सवलती कशा मिळाल्या, इथपासून अर्जाच्या शेवटच्या रकान्यापर्यंत. तीन आठवड्यांत २१२ जणांनी वाचला. कमाई शून्य, जाहिरातींना अजून मंजुरीच नाही. परभणीहून एका मुलीने विचारलंय, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आजोबांचा काहीच कागद नसेल तर काय करायचं? त्याला ते माहीत नाही. सोमवारी तो पडताळणी समितीच्या कार्यालयात विचारायला जाणार आहे, मीही सोबत जातोय.

जय भीम!