पाडसाला शेत मारते की तारते?



हरिण म्हटले की आपल्यापुढे पिकाची नासाडीच उभी राहते, आणि ती काही खोटी नाही. हावेरी जिल्ह्यात राणेबेन्नूरचे काळवीट अभयारण्य १९७४ साली झाले. पण कळप काही हद्दीचे दगड पाहून चरत नाहीत. मक्याचे कोवळे कोंब त्यांनी खुडले की भुर्दंड शेतकऱ्यालाच. भरपाई वेळेवर मिळावी या मागणीला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र आज लिहावयाचे आहे ते पाडसाविषयी. (शास्त्राप्रमाणे काळवीट हा कुरंग, ज्यांची शिंगे गळून पुन्हा नवी येतात ती चितळ, सांबर ही खरी हरणे. आपल्या बोलीत सगळी हरणेच.)

शेती वाढली की पाडसे मरायचीच, असे पुष्कळ जण धरून चालतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात २००० व २००१ साली तेथील हरणांची २१८ पाडसे पकडून, गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून सोडली होती. सुमारे आठ महिन्यांनी शेतीच्या खोऱ्यात शंभरांतील ५३ जिवंत राहिली, तर दाट जंगलाच्या भागात केवळ ३८. जंगलात अस्वले आणि कायोटी नावाचे कोल्ह्याच्या कुळातले जनावर त्यांवर टपून असते. म्हणजे उभे पीक आणि गवताचे बांध पाडसाला आसरा देतात. आमच्या मते शेत हा पाडसाचा वैरी नव्हे. घात होतो तो कापणीच्या मोजक्या दिवसांत, आणि तेवढा टाळणे आपल्या हाती आहे.

हे कसे होते ते पाहा. जन्मल्यावर पहिले काही आठवडे पाडूस कळपाबरोबर धावू शकत नाही. आई त्याला गवतात किंवा पिकात दडवून दूर चरते, आणि दूध पाजायला तेवढी येते. धोका आला की ते पळत नाही, जमिनीला चिकटून निपचित पडते. कोल्ह्यापुढे ही युक्ती चालते. यंत्राच्या पात्यापुढे मात्र तीच जिवावर बेतते. जर्मनीत रो जातीच्या हरणांची पाडसे मे-जूनमध्ये जन्मतात आणि वैरणीची पहिली कापणीही तेव्हाच येते, म्हणून दरवर्षी कितीतरी पाडसे कापली जातात. तेथे आता पहाटे, जमीन थंड असताना, उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेले ड्रोन शेतावरून फिरवतात. २०२१ पासून सरकार त्यासाठी अनुदानही देत आले आहे. ज्यांच्याकडे ड्रोन नाही ते आदल्या संध्याकाळी काठ्यांना फडकी बांधून ठेवतात. आई बुजते आणि रातोरात पाडसाला हलवते.

आपल्याकडे विळ्याने कापणारा माणूस पाडूस पाहतो तरी. पण मग दया आडवी येते! ‘आईने टाकलेले दिसते’ म्हणून त्याला घरी आणतात, गाईचे दूध पाजतात, आणि हगवण लागून ते पुष्कळदा दगावते. आईने त्याला टाकलेले नसते. माणसे जाण्याची ती वाट पाहत असते. काळवीट १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहे, त्याला घरी ठेवणे गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्यावे. पाडसाभोवतीचा तुकडा तेवढा उभा सोडून पुढे कापत जावे. जखमी असेल किंवा आई मेलेली सापडली तरच वनखात्याला कळवावे. आणखी एक गोष्ट, राखणीची कुत्री त्या दिवसांत बांधून ठेवावीत. मोकाट कुत्र्यांनी फाडलेली पाडसे यंत्राच्या हिशेबात येत नाहीत, एवढेच.

दुभती जनावरे असणाऱ्यांनी तर यात स्वतःचाही लाभ पाहावा. कापणीत चिरडलेले जनावर मुरघासात गेले आणि कुजले, तर त्यात बोटुलिझमचे विष तयार होऊ शकते. ते खाल्लेली गुरे लुळी पडून मरतात, आणि एका खड्ड्यातली वैरण सबंध गोठ्याला घातलेली असते.

यंत्राने कापणार असाल तर आदल्या दिवशी शेतातून एकदा फिरून यावे, आणि कापणी मधून बाहेरच्या बाजूला न्यावी, म्हणजे जी जनावरे पळू शकतात त्यांना वाट राहते. यंत्रवाल्याशी भाडे ठरवतानाच हे बोलून घ्यावे. ऐन वेळी सांगितले तर तो थांबत नाही.