रॅमायण

नवा लॅपटॉप घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, 'रॅम किती हवी?' 'कोणती हवी?' असं कुणी विचारत नाही. तो निकाल आपल्या वतीने आधीच लागलेला असतो. एकेकाळी मात्र हा प्रश्न भलताच महागात पडायचा.

नोव्हेंबर 2000. इंटेलने पेन्टियम 4 आणला. प्रोसेसर झकास, पण सोबत अट: मेमरी रॅम्बस कंपनीच्या डिझाइनचीच, म्हणजे आरडीरॅम. कागदावर ती सुपरफास्ट. साधी एसडीरॅम 133 मेगाहर्ट्झवर धावायची, हिचा आकडा थेट 800! पण त्यात मेख होती. एसडीरॅमचा रस्ता 64 बिट रुंद, हिचा जेमतेम 16. गाड्या भन्नाट, पण गल्ली अरुंद. शिवाय किंमत साध्या रॅमच्या कितीतरी पट, आणि तापायची इतकी की वर धातूची पट्टी चढवावी लागे. कहर म्हणजे पेन्टियम 4 च्या बोर्डावर ती जोडीनेच घ्यायची आणि उरलेले स्लॉट रिकामे ठेवायची सोय नाही. तिथे चिप नसलेली डमी पट्टी बसवायची. पंगतीतल्या रिकाम्या पाटावरही कुणाला तरी बसवायचंच, तसं!

तिकडे डीडीआरवाल्यांनी फार मोठं काही केलं नाही. जुनाच रुंद रस्ता, जुन्याच पठडीतली चिप, फक्त घड्याळाच्या एका ठोक्यात एकाऐवजी दोनदा डेटा पाठवायचा. कारखान्यांना फारशी उलथापालथ न करता हा माल काढता आला. एएमडीने डीडीआर उचलून धरली आणि 2002 उजाडेपर्यंत इंटेललाही पेन्टियम 4 साठी तीच घ्यावी लागली. ज्यांनी हौसेने आरडीरॅम घेतली होती, त्यांना पुढे मेमरी वाढवायची म्हटलं की घाम फुटायचा.

अर्थात, डीडीआर विकणारे सगळे सज्जन होते असं मुळीच नाही हं. त्याच सुमारास मेमरीचे भाव संगनमताने ठरवल्याची कबुली पुढे सॅमसंग, हायनिक्स आणि इन्फिनिऑनने अमेरिकेत दिली. 2005 मध्ये एकट्या सॅमसंगने 30 कोटी डॉलरचा दंड कबूल केला.

इंटेलने पुन्हा एकदा डाव मांडला. रॅम म्हणजे कामाचं टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट, तर ऑप्टेन हे मधलं स्टूल. टेबलाइतकं चपळ नाही, पण वीज गेली तरी वरचं सामान जागेवर. मायक्रॉनच्या साथीने 2015 मध्ये घोषणा झाली, 2017 मध्ये माल आला. आयडिया मला तर जाम आवडली होती. पण टेबलं स्वस्त होत गेली, कपाटं वेगवान होत गेली, स्टुलाला गिऱ्हाईक मिळेना. 2022 मध्ये इंटेलने दुकान आवरलं.

सध्याचा हिरो एचबीएम. यात डीरॅमच्याच चिप्स इमारतीच्या मजल्यांसारख्या एकावर एक रचतात. एआयच्या प्रोसेसरना ती हवीच असते आणि ते गिऱ्हाईक म्हणेल तो भाव देतं. मग सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन आपले कारखाने तिकडे वळवणार, यात नवल काय? 2025 च्या अखेरीस साध्या रॅमचे भाव भडकले ते मुख्यतः यामुळेच. म्हणजे ही नवी मेमरी आपण विकत न घेताही तिचं बिल आपल्याकडे आलं.

तेव्हा दुकानात एक प्रश्न तुम्हीच विचारा: रॅम नंतर बदलता येते की बोर्डावर सोल्डर केलीय? सोल्डर असेल तर '8 जीबी घेतो, पुढे वाढवू' हा बेत विसरा.