ऑपरेटर जातो, पासवर्ड सोबत नेतो

मंडळी, आज रस्ते-पाणी-गटार बाजूला ठेवू. विषय कोरडा वाटेल, पण तुमच्या-माझ्या कागदपत्रांशी त्याचा थेट संबंध आहे. विषय आहे कार्यालयातल्या कॉम्प्युटरवरचा ब्राउझर. क्रोम, एज, फायरफॉक्स, जे काही असेल ते. तुमचा दाखला, घरपट्टीची नोंद, पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं आज याच खिडकीतून जातं.

आपल्या तालुक्यातल्या एका कार्यालयात परवा जे दिसलं ते सांगतो. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एकाच कार्यालयाचा नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी रमीची जाहिरात. पोर्टल उघडलं की युजरनेम-पासवर्ड आपोआप भरलेला. आणि वर क्रोममध्ये जीमेल कुणाचं? काही महिन्यांपूर्वी कंत्राट संपून गेलेल्या ऑपरेटरचं.

आता हे नीट समजून घ्या. क्रोममध्ये स्वतःच्या जीमेलने लॉगिन करून सिंक चालू ठेवलं, की तिथे सेव्ह केलेले पासवर्ड त्या माणसाच्या गुगल खात्यात जातात. तेच त्याच्या घरच्या मोबाईलवरही दिसतात. पोरगा प्रामाणिक असेल, त्याच्या मनात काही नसेलही. पण कार्यालयाची किल्ली त्याच्या खिशात राहिली, हे खरं ना? जिथे ओटीपी किंवा डिजिटल सहीचं डोंगल लागतं तिथे निदान दुसरं कुलूप आहे. जिथे नाही तिथे सगळा कारभार रामभरोसे. आणि उद्या काही भानगड झाली तर खापर कुणावर? त्याच कंत्राटी पोरावर. साहेब म्हणणार, लॉगिन तो वापरायचा.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. क्रोम, एज, फायरफॉक्स या तिन्हींत संस्थेने एकदा नियम ठरवून सगळ्या मशीनवर लागू करायची सोय आहे. त्याला पॉलिसी म्हणतात. विंडोजचे कॉम्प्युटर एका डोमेनमध्ये जोडलेले असतील तर ग्रुप पॉलिसीने एका जागेवरून काम होतं. डोमेन नसेल तर क्रोमसाठी गुगलचीच विनाशुल्क ऑनलाइन व्यवस्था आहे. फायरफॉक्सला तर एक छोटी फाईल तयार करून प्रत्येक मशीनवर टाकली तरी भागतं.

काय काय बंद करता येतं? पासवर्ड सेव्ह करणं. खासगी खात्याचं सिंक. अनोळखी साइटच्या नोटिफिकेशन, म्हणजे ती रमी गेली. आणि एक्स्टेंशन. सगळी बंद ठेवून लागतील तेवढीच उघडायची. एक्स्टेंशनला हलक्यात घेऊ नका. डिसेंबर 2024 मध्ये सायबरहेवन या सायबर सुरक्षा कंपनीचंच क्रोम एक्स्टेंशन हॅकरांनी ताब्यात घेऊन त्यात घातक कोड घातला होता. सुरक्षा विकणाऱ्यांची ही गत, तर आपल्या आवक-जावक टेबलाचं काय?

एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. क्रोममध्ये पासवर्ड सेव्ह करणं बंद केलं तरी आधी सेव्ह झालेले तसेच राहतात. म्हणून जुने पुसायचे आणि पोर्टलवरचे पासवर्डही बदलायचे. नाहीतर दार नवीन, किल्ली जुनीच.

"मग कर्मचारी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवतील," असं एक अधिकारी मला म्हणाले. मुद्दा बरोबर आहे. पण एकच पासवर्ड पाच जणांना वाटला की चिठ्ठी येणारच. जिथे पोर्टलवर सोय आहे तिथे प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या आणि माणूस गेला त्याच दिवशी ते बंद करा. नुसतं ब्राउझर आवळून भागणार नाही.

आणि उलट टोकही नको. कुलूप लावलं, पण एखादी साइट अडली तर उघडायला जिल्ह्याच्या गावाहून माणूस चार दिवसांनी येणार असेल, तर लोक स्वतःच्या मोबाईलवर नागरिकांचे आधार मागवून काम उरकतील. ते जास्त वाईट. म्हणून अडचण त्याच दिवशी सोडवणारा एक जबाबदार माणूस नेमा, त्याचा नंबर भिंतीवर लावा. नियम काय आहेत ते लेखी द्या. कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवण्यासाठी हे नाही, तेही त्यात लिहा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. आपल्याकडे मात्र सायबर सुरक्षा म्हणजे वर्षातून एकदा शपथ, फोटो आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रेसनोट.

तर माझं म्हणणं साधं आहे. नगरपालिका असो, पंचायत समिती असो की पतसंस्था, प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरं लेखी द्यावीत. ब्राउझरचे नियम कुणी ठरवले? ते किती मशीनवर लागू आहेत? आणि शेवटचा ऑपरेटर गेला तेव्हा पासवर्ड कधी बदलले? नगरसेवकांनी हे सभेत विचारायला काय हरकत आहे?

तुम्ही कुठल्या कार्यालयात काम करत असाल तर आज एवढंच बघा, तुमच्या मशीनवरच्या ब्राउझरमध्ये कुणाचं जीमेल उघडं आहे. काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा. कार्यालयाचं नाव नको, पासवर्ड तर अजिबात नको!